फुटण्याआधीचे फोटो

श्वेत बटू म्हणजे जवळजवळ विझलेला तारा. तो आपसूक फुटत नाही, शेजारी दुसरा तारा लागतो. म्हणून असा एखादा फुटला की वेधशाळेतल्या बाई त्याच जागेचे जुने फोटो काढून बसत आणि आधी तिथे शेजारी कोण होतं ते शोधत. बहुतेकदा तिथे नुसता काळोख असे.

बाईंचा नवरा घर सोडून गेला, तेव्हा धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं, "अगं ताई, तुला आधी काहीच कसं कळलं नाही?"

"डोंबल कळणार!" म्हणत त्यांनी फोन आपटला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. रविवारी त्या लग्नानंतरचे सगळे अल्बम जमिनीवर मांडून बसल्या. त्याचा चेहरा कधी पडला, नजर कधी फिरली, कुठेतरी दिसेलच की!

वाढदिवस, सहली, बहिणीचं लग्न. सगळीकडे त्या स्वतः मजेत हसत होत्या. तो मात्र एकाही फोटोत नव्हता. कॅमेरा दर वेळी त्याच्याच हातात होता, आणि "आण इकडे, आता तू उभा राहा," असं त्या कधी म्हणाल्याच नव्हत्या.