‘जिवंत आहेस का?’ एवढंच विचारलं तर

ऑफिसात तिला सगळे ‘वाटाड्या’ म्हणायचे. बाईमाणसाला वाटाड्या कसं म्हणायचं, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण काम तेच होतं. कॉलेज प्रवेशाची साइट तीन शहरांतल्या तीन सर्व्हरवर चालायची. कुणी साइटचं नाव टाइप केलं, की त्याला तिघांपैकी कुणाच्या दारात धाडायचं, हे तिनं लावून दिलेली व्यवस्था ठरवायची. दोन सर्व्हर घरचे. तिसरा परक्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेला, आणि करार असा की भाडेकरूनं भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही.

आज दहाला अर्ज सुरू होणार होते. साहेबांनी कालच बजावलं होतं, “बारापर्यंत एकही तक्रार आली नाही, तर दुपारच्या बसनं खुशाल जा. आली, तर रजा रद्द.” ही चार दिवसांची रजा याआधी दोनदा बुडाली होती. आई गेल्यापासून बाबा गावी एकटेच राहत होते आणि सात महिन्यांत तिनं त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. फोन मात्र रोज. ती विचारायची, “बरे आहात ना?” ते म्हणायचे, “ठणठणीत! नाही जमलं तर नको येऊस.” आज सकाळीही तेच म्हणाले होते. बॅग तिच्या टेबलाखाली भरून तयार होती.

दहा वाजले. पडद्यावर तिन्ही सर्व्हर हिरवेगार. दहा वाजून सात मिनिटांनी मदतकक्षातल्या काकू धापा टाकत आल्या.

“अगं, लोकांना कोरं पान दिसतंय! अकरा फोन आले. एक आई तर रडतेय.”

“पण सगळे सर्व्हर चालू आहेत, काकू!”

“मग त्या बाईला सांग, रडू नकोस, हिरवं आहे!”

तिनं एकेक सर्व्हर स्वतः उघडून पाहिला. घरचे दोन्ही धावत होते. भाड्याच्या सर्व्हरवर मात्र साइट केव्हाच आडवी झाली होती. यंत्र चालू, आत कामाच्या नावानं शून्य. घरच्या सर्व्हरांना तिची व्यवस्था ‘किती काम आहे, किती होतंय’ असं खोदून विचारायची. परक्याच्या यंत्रात काही बसवता येत नाही, म्हणून त्याला दर पाच सेकंदांनी एकच साधा प्रश्न होता: जिवंत आहेस का? आणि तो पठ्ठ्या तत्परतेनं सांगत होता, आहे. वर हाताला काम नाही म्हणून त्याचं उत्तर सगळ्यांत झटपट यायचं, आणि तोच सगळ्यांत मोकळा दिसत होता. मोकळा दिसतो म्हणून व्यवस्था आणखी माणसं त्याच्याच दारात पाठवत होती. चूक तिचीच होती. मागच्या महिन्यात कंटाळून तिनं ‘एवढं पुरे’ म्हणत तो प्रश्न टाकला होता.

तिनं तो खोडला. नवा प्रश्न लिहिला: अर्जाचं पान उघडून दाखव, आणि त्यावर ‘अर्ज जमा करा’ हे बटण आहे का ते बघू दे. त्यासाठी आत काही बसवायला लागत नव्हतं; कुठलाही वाटसरू विचारू शकेल असा तो प्रश्न होता. पाच सेकंदांत भाड्याचा सर्व्हर लाल झाला आणि यादीतून बाहेर पडला. कुठल्या सर्व्हरकडे जायचं तो पत्ता लोकांच्या फोन-संगणकांत अर्धा मिनिटच साठून राहायचा, त्यामुळे मिनिटभरात सगळे घरच्या दोघांकडे वळले. काकूंचे फोन थंडावले.

साहेब मात्र तापलेलेच होते. “अकरा तक्रारी. रजेचं विसरा.”

तिनं मान खाली घालून बाबांना फोन लावला. “बाबा, या वेळीही जमत नाहीये. बरे आहात ना?”

“ठणठणीत! काही काळजी करू नकोस.”

फार झटपट आलं उत्तर. तिची नजर पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर गेली.

“बाबा, आज स्वयंपाक काय केलात?”

“केलं की... काहीतरी.”

“बाबा?”

“गॅस संपलाय गं.”

“कधी?”

“मंगळवारी.”

आज शुक्रवार होता.

“अहो, मग दुसरा का नाही मागवलात?”

“कुणाला सांगायचं असतं, ते तुझी आई बघायची,” बाबा म्हणाले. “बिस्किटं आहेत घरात.”

तिला रडूच फुटलं. ते पुसायच्या भानगडीत न पडता तिनं टेबलाखालची बॅग ओढली.

“कुठे निघालात? रजा रद्द आहे,” साहेब म्हणाले.

“साहेब, एक बंद पडला की त्याचं काम दुसऱ्याकडे जातं. चार दिवस मी बंद. माझ्या टेबलावरचा फोन तुमच्याकडे वळवलाय.”

“अहो, पण मला त्यातलं...”

“दर पाच सेकंदांनी ‘जमतंय का’ असं विचारायला काकू आहेतच!”

“जा गं तू,” काकू म्हणाल्या. “यांच्याकडे मी बघते.”

ती जिन्यात पोचेपर्यंत साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही. गावातल्या गॅसवाल्याचा नंबर शोधत ती दोन-दोन पायऱ्या उतरत होती.