सावत्र सातवी

आमच्या लाडक्या बँडच्या अकरा रेकॉर्डी. त्यातल्या चार जगाने डोक्यावर घेतल्या, त्यांच्याबद्दल आम्ही बोलतही नाही. बाकीच्या सगळ्या सावत्र. अठरा वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी त्यांतली एकेक दत्तक घेतली आणि ठरवलं, की मरेपर्यंत हिला अंतर द्यायचं नाही. माझ्या वाट्याला सातवी आली. मूळ गायक सोडून गेल्यावर काढलेली, कव्हरवर नुसती एक शिडी. शत्रूच्याही वाट्याला येऊ नये अशी. पण एकदा आपली म्हटली की आपली.

वर्षातून एकदा प्रत्येकीचा खटला चालतो, रविवारी दुपारी, चष्मेवाल्याच्या बैठकीच्या खोलीत. मधोमध एक स्टूल असतं, त्याला आम्ही पिंजरा म्हणतो. ज्याची रेकॉर्ड तो पिंजऱ्यात. सुई टेकल्यापासून उचलेपर्यंत त्याने उठायचं नाही आणि रेकॉर्ड वाजत असतानाच तिची वकिली करायची. समोर सोफ्यावर बाकीचे तिघे: चष्मेवाला, भूगोलाचे मास्तर आणि माझा सख्खा मेव्हणा. मास्तर अठरा वर्षं सातवीला एकच निकाल देत आलेत, "भिकार." तिला आजवर एकही मत मिळालेलं नाही.

यंदा माझी धास्ती वेगळीच होती. सहा महिन्यांत माझा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात जेमतेम कुजबुज उरली होती. मी शिलाई मशिनी दुरुस्त करतो. मशिनीवर हात ठेवला की तिचं दुखणं कळतं, त्यामुळे दुकानात निभावत होतं. माणसांचे ओठ वाचायला शिकलो होतो. मास्तरांच्या मिशा तेवढ्या ओठांवर उतरलेल्या, म्हणून त्यांना अंदाजपंचे उत्तरं द्यायचो. बायकोला वाटायचं मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, आणि त्यात तिला नवीन काही नव्हतं. या तिघांना सांगितलं असतं तर त्यांनी मला जपलं असतं. बहिऱ्याशी कोण भांडतं? आणि रविवारचं भांडण गेलं तर माझ्या आठवड्यात उरतं काय? मशिनी आणि तेलाची बुधली.

एरवी मी स्पीकरच्या खोक्याला खेटून, त्यावर तळहात टेकवून बसायचो. पिंजऱ्यातून खोका हाताला लागत नव्हता. म्हटलं, हरकत नाही, जमिनीतून ठोके पायांना कळतील. तर या शहाण्या चष्मेवाल्याने सकाळीच सगळं सामान हलवून जाडजूड गालिचा अंथरलेला!

चष्मेवाल्याने सुई टेकवली. तबकडी फिरू लागली. पायांना काहीच लागेना. मी मनातल्या मनात गालिच्याला शिव्या घातल्या आणि आठवणीवर सुरू केलं, सातवी मला तोंडपाठ आहे. चष्मेवाला कशाला तरी अर्धवट उठला होता, त्याला मी दटावलं.

"बस खाली! हा ड्रमचा पहिला ठोका ऐक. असा ठोका त्या जगप्रसिद्ध चारांत दाखव एक तरी."

तो बसला. मी मान डोलवली, मांडीवर ताल धरला. तिघेही माझ्याकडे टक लावून बघत होते. एरवी मास्तर पहिल्याच मिनिटाला तोंड घालतात, आज गप्प. मला वाटलं, आज आपलं रंगलंय.

दुसरं गाणं मध्यावर आलं असेल, तेव्हा वहिनी, म्हणजे चष्मेवाल्याची बायको, चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांचे ओठ अगदी स्वच्छ वाचता येतात.

"हे काय, आज गाणी नाही लावलीत?" त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्याने डोळे वटारले. मेव्हण्याने मान खाली घातली. मी स्पीकरकडे पाहिलं. त्याची वायर निघून भिंतीशी पडली होती. सामान हलवताना सुटली असणार.

तबकडी अजून पंधरा मिनिटं फिरणार होती. उठावं, तर नियम मोडून बिंग फुटलं. गप्प बसावं, तरी तेच. मग मी बोलतच राहिलो. नसलेल्या गिटारची तारीफ केली, नसलेल्या गायकाची बाजू घेतली, आणि मान तर डोलवतच होतो, कारण थांबवायची कशी तेच कळेना. त्यांना कळलंय हे मला कळलंय, एवढं तरी त्यांना कळू नये, अशी धडपड. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि ती तबकडी काही संपत नव्हती.

शेवटी सुई उचलली गेली. मतदान झालं.

"मान्य," चष्मेवाला म्हणाला.

मेव्हण्याने खालमानेनेच हात वर केला. आणि मग मास्तरांनीही केला.

अठरा वर्षं जिच्यासाठी घसा फोडला ती जिंकली, आणि मला रडू फुटलं.

"हात खाली घ्या, मास्तर!" मी ओरडलो. किती मोठ्याने ते मला कळलं नाही, पण कप गोळा करायला आलेल्या वहिनी ट्रेसकट दचकल्या. "माझे कान गेलेत. सातवी होती तशीच आहे. तिला भीक नकोय तुमची!"

मास्तर उठले. त्यांनी वायर जोडली, मला दंडाला धरून पिंजऱ्यातून उठवलं, खोक्यापाशी बसवलं आणि माझा तळहात त्यावर ठेवला. चष्मेवाल्याने सुई पुन्हा पहिल्यापासून लावली. ड्रमचा ठोका तळव्यात बसला.

मास्तर माझ्यासमोर उकिडवे बसले. दोन बोटांनी त्यांनी मिशा वर धरल्या आणि ओठ सावकाश हलवत म्हणाले, "भिकार."