बुधवारचा विषय

कांताचा नवरा आनंदा पितो, हे कल्याणजवळच्या मोहन्यात कोणाला माहीत नव्हतं? पण मस्कतला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिथं ते बाबुराव मास्तरांनी कळवलं. आणि चांगल्या मनानं कळवलं, हीच तर खरी पंचाईत.

दर बुधवारी चर्चच्या मंडळीतल्या कोणाच्या तरी घरी प्रार्थना असायची. गीत झालं की मास्तर विचारायचे, "कोणाचा काही प्रार्थनेचा विषय?" ज्याला जे जड झालंय ते तो सांगायचा, आणि दुसरा कोणीतरी तो विषय उचलून मोठ्यानं प्रार्थना करायचा. कल्याणच्या एका दवाखान्यात आयाबाईचं काम करून कांता तिथं पोचायची ती अर्धमेली होऊन. पाय सुजलेले, कंबर कामातून गेलेली. पण आठवड्यातला तेवढाच एक तास तिला कोणी हे उचल, ते पूस म्हणत नसे. त्या बुधवारी तिला रडूच फुटलं. "आनंदानं परत सुरू केलंय हो. काल लेकीवर हात उचलला."

साल होतं नव्याण्णव. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत जाऊन ई-मेल शिकलेले. नवा नाद, दुसरं काय! मंडळीतली जी माणसं पुण्याला, नगरला, आखातात गेलेली, त्या सगळ्यांना, आणि इथल्याही ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आला होता त्यांना, ते बुधवारचे विषय टाइप करून पाठवायचे. कांताचाही विषय गेला, नावागावासकट. तिच्या लेकीचं, रूथचं लग्न मस्कतच्या ज्या मुलाशी जुळत आलं होतं, त्यालाही गेला. आठवडा उलटायच्या आत मुलाच्या आईचा शेजाऱ्यांकडे फोन आला. म्हणाल्या, आम्ही प्रार्थना करतोय, पण लग्नाचं सध्या राहू द्या.

ड्युटी सुटल्यावर कांता मास्तरांना घेऊन थेट कॅफेत गेली. "लोकांनी काय काय लिहिलंय, वाचा."

एकाचं उत्तर सगळ्यांना जायचं, त्यामुळे तिथं नुसता बाजार भरला होता. एकानं दारूबद्दलची वचनं ओळीनं लिहिली होती. दुसरा विचारत होता, असल्या माणसाला चर्चमधलं प्रभुभोजन द्यावं का? पुढचं पत्र आलं आणि मास्तर अडखळले. ते मंदाकिनीचं होतं, नातवाकडून लिहून घेतलेलं. डोंबिवलीची मंदाकिनी, दर बुधवारी कांताच्या शेजारी बसणारी.

"वाचा की!"

"बाई जिभेची तिखट आहे," मास्तरांनी हळू आवाजात वाचलं. "असल्या घरात पुरुष पिणार नाही तर काय करणार?"

कांताच्या अंगाची लाहीलाही झाली. "मास्तर, मी बोलले तेव्हा ही माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होती. तोंडावर एक शब्द बोलली नाही. आणि इथं माझं तोंड दिसत नाही म्हणून वाट्टेल ते?"

"माझंच चुकलं, कांताबाई. मी फक्त प्रार्थनेसाठी..."

"ते राहू द्या. लिहा. मी सांगते ते लिहा. मंदाकिनीच्या मुलानं तिची खाट गॅलरीत टाकलीय. सून तिला ताट वाढून देत नाही. लिहिलं?"

मास्तरांनी लिहिलं. मंदाकिनीनं हे दोन वर्षांपूर्वी बुधवारीच सांगितलं होतं, हुंदके देत, आणि ते खोलीबाहेर गेलं नव्हतं. आता नुसतं एक बटण दाबायचं होतं. कांता त्या अक्षरांकडे बघत बसली. तिला सावकाश जुळवत वाचता येत होतं, आणि वाचता वाचता तिला गॅलरीतली ती खाट दिसू लागली. आपण किती दमलोय, हे तिला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

"पुसा," ती म्हणाली.

"सगळं?"

"पुसा हो मास्तर. मला घरी जायचंय."

पुढच्या बुधवारी मास्तरांनी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि यापुढे काही पाठवणार नाही म्हणाले. मग नेहमीसारखं विचारलं. "आमचं सगळं बरं आहे," एक बाई म्हणाली. दुसरीचंही बरं होतं. सगळ्यांचंच अचानक बरं झालं! कांताला धसकाच बसला. हा तासही गेला, तर मग आपण बोलायचं कुठं?

"माझं बरं नाही," ती म्हणाली. "आनंदा पितो. रूथचं लग्न मोडलं. प्रार्थना करा."

विषय कोणी उचलेना. शेवटी शेजारून आवाज आला, घोगरा, अडखळता. मंदाकिनी प्रार्थना करत होती. "प्रभो, माझ्या बहिणीला... मी तिला फार दुखवलंय, तुला माहीत आहे..." पुढं तिला बोलवेना.

सगळे आमेन म्हणाले. कांता मात्र म्हणाली नाही. या बाईच्या प्रार्थनेला आमेन? लोक डोळे उघडू लागले, मास्तरांनी गीताचं पुस्तकही हातात घेतलं.

मग कांताचं आमेन आलं, सगळ्यांच्या मागून, एकटंच.