नलूच्या घोट्यातली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. बोटाएवढी, स्टीलची, सात भोकांची. जुनी म्हटलं म्हणून लगेच भंगारात काढू नका. अजून कामावर आहे मी!

कारखान्यात मला कापलं, घासलं, घोट्याच्या हाडाला बसेल असा बाक दिला. मग पाकिटात बसून वाट पाहिली. थळची नलू माशांची पाटी घेऊन मासळीबाजाराच्या ओल्या पायरीवर घसरली आणि तिचा घोटा मोडला, तेव्हा माझी पाळी आली. अलिबागच्या डॉक्टरांनी हाडाचे तुकडे जुळवले, मला वर ठेवून सहा स्क्रू आवळले. हाड जुळेपर्यंत मी एकटीनं तग धरला. लोकांनी कौतुक केलं ते डॉक्टरांचं. माझं नाव कोणी काढलं नाही, जाऊ द्या.

पण पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो. थळला होडी किनाऱ्यापासून थोडी लांब थांबते. बायका गुडघाभर पाण्यात जाऊन मासळी उतरवतात. नलूचा सासरा अंबाजी म्हणाला, "पान्यात जायाचं न्हाय. खाऱ्या पान्यात लोखंड टिकतं काय? होडीचे खिळे दर साली बदलतंय मी."

झालं! दीड वर्ष नलू वाळूत बसून जवळा निवडत राहिली. तिची मासळी जाऊबाई उतरवायची आणि चांगली पापलेटं आपल्या पाटीत टाकायची. अहो अंबाजी, समुद्र कातडीच्या बाहेर राहतो. आणि रक्त काय गोड असतं? मी दीड वर्ष त्यातच भिजतेय, कुठं गंजलेय दाखवा!

शेवटी अंबाजी तिला दवाखान्यात घेऊन गेला. मला काढून टाका म्हणाला. म्हणजे बरा झालेला पाय पुन्हा चिरायचा. मला फार भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला. "हाड जुळलंय. ही गंजत नाही. त्रास होत असेल तरच काढू. दुखतं का?"

"दुखतंय," अंबाजी म्हणाला.

"तुम्हाला नाही, यांना विचारलं."

नलूनं पदर सावरला. "पाय न्हाय दुखत, डॉक्टर. घरी बसवलंय ना, त्ये दुखतंय."

अंबाजीनं एक्स-रे पिशवीत घातला आणि तिला घेऊन घरी निघाला.

मित्रांनो, मोडलेल्या माणसाला जरूर जपा. पण त्याचं दुखणं त्यालाच विचारा, त्याच्या वतीनं ठरवू नका.

दुसऱ्या दिवशी अंबाजीची होडी आली. नलूनं लुगडं खोचलं, पाटी घेतली आणि सरळ पाण्यात शिरली. लाट आली, पाऊल वाळूत रुतलं, मी घट्ट राहिले. तिला सावरायला अंबाजीनं होडीवरून हात पुढे केला. तिनं त्या हातात रिकामी पाटी दिली.

"भरा, बाबा," ती म्हणाली.