वुकाशिनचं तबक

तबकात एका ग्लासात अठरा स्वच्छ चमचे होते. दुसऱ्या ग्लासात नुसतं पाणी, उष्ट्या चमच्यांसाठी. मध्ये अक्रोड घालून शिजवलेला गोड गहू; आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आधी त्यातला एक चमचा घ्यायचा. खुर्च्याही अठराच, रादोये काकांची धरून. एकोणिसावी नव्हती, कारण घराण्याच्या संताच्या दिवशी यजमान बसत नाही. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत तो उभा राहतो.

बाबा वसंतात गेले. यंदा यजमान माझा मोठा भाऊ, वुकाशिन. दोन माणसं एकदम बोलू लागली की तो कान झाकतो. कुणी मिठी मारली, तर दोन दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

काका सगळ्यांच्या आधी आले.

"पोरी, हट्ट सोड. संत निकोलाची तसबीर माझ्या घरी येऊ दे, यजमानपण मी करतो. प्रत्येकाशी हात मिळवायचा, तीनदा गालाला गाल लावायचा. याचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"ठिकाणावर म्हणजे नक्की कुठे, काका?" प्रयोगशाळेत मी उंदरांच्या मेंदूचे काप पाहते. अगदी सारखे दोन अजून सापडलेले नाहीत.

"शिकलीस तेवढं पुरे. हा एकदा जरी खोलीत जाऊन लपला, तर संध्याकाळी तसबीर मी नेणार."

"तसबीर पूर्वेच्या भिंतीला लागते," वुकाशिन म्हणाला. "तुमच्याकडे पूर्वेला फ्रीज आहे."

दारावरची घंटा वाजली. वुकाशिन झटकन आत वळला.

तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत तबक होतं.

"अरे, गहू फिरवायचं काम माझं."

"मी धरतो. हात भरलेले असले की कुणी हात मागत नाही."

शेजारच्या मिल्याना मावशींनी गाल पुढे केला, पण मध्ये तबक आडवं आलं. त्या हसल्या आणि चमचा उचलला. "शुभ दिवस, यजमान! हे बरं काढलंस. तुझ्या काकांनाही दे असं एक तबक. मेल्या मिशा टोचतात."

"बायकांची कामं करतोय," काका म्हणाले. गहू न घेताच ते खुर्चीत बसले.

दुपारी कुणीतरी गाणं सुरू केलं, टेबलावर ठेका धरला. तबकातले चमचे किणकिणू लागले. वुकाशिनचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

"आत जा पाच मिनिटं," मी कुजबुजले. "मी बघते इकडचं."

"यजमान आत जात नाही."

काका माशाचे काटे काढत त्याच्याकडेच बघत होते.

अंधार पडला. एकेक करत सगळे गेले, काका तेवढे राहिले. त्यांनी स्वतःच ब्रँडी ओतून घेतली आणि पाय लांब केले. एकच चमचा स्वच्छ उरला होता. वुकाशिन एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभा होता.

"बस की आता," काका म्हणाले. "कोण बघतंय?"

"तुम्ही अजून गेला नाहीत."

मला तिथे थांबवेना. ताटल्या घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला. बऱ्याच वेळाने बाहेरचं दार बंद झाल्याचं ऐकू आलं.

मी बाहेर आले. तसबीर भिंतीवर होती. वुकाशिन तिच्यापुढची मेणबत्ती रिवाजाप्रमाणे लाल वाइन ओतून विझवत होता, अजून उभाच. तबक टेबलावर होतं.

स्वच्छ चमच्यांचा ग्लास रिकामा. पाण्यात अठरा.