चौथ्या खांबावरचा आकडा

एकोणीस दिवस पाऊस नव्हता. वरच्या ठाण्यावर नदी रोज थोडी थोडी उतरत होती. आमच्या पुलाखाली ती अकरा सेंटिमीटर चढली होती.

पुलाच्या कठड्याला बसवलेले यंत्र खाली पाण्यावर लहरी सोडते आणि त्या परतायला लागणाऱ्या वेळावरून पातळी ठरवते. यंत्रे बिघडतात, म्हणून त्याच्याच खाली चौथ्या खांबावर आकड्यांची पट्टीही रंगवलेली आहे. आमचे मोजणीदार तात्या रोज सकाळी काठावरून दुर्बीण लावून ती वाचतात. यंत्र आणि पट्टी यांत एकदाही फरक पडला नव्हता. यंत्र मी दोनदा बदलले. नव्यांनीही तेच सांगितले.

चार वाजेपर्यंत निर्णय द्यायचा होता. वाढीचे कारण न सापडल्यास वरचा बांध गळतो आहे असे धरून खालची गल्ली रिकामी करायची, असा नियम आहे. त्या गल्लीत माझी ताई राहते. तिने ट्रंका माळ्यावर चढवल्या होत्या.

"हसू नकोस," ती फोनवर म्हणाली. "बायका म्हणतात, नदी पाय न वाजवता येते आहे."

"नदीला पाय नसतात, ताई."

"एवढा शहाणा आहेस, तर कुठून येते ते सांग. तुझ्या दाजींचं तिसरंच. म्हणतात, नदीचं राहू दे, मेव्हण्याच्या पुलावर बस अशी आदळते की कंबर धरून उतरावं लागतं."

दाजी बस चालवतात. कुरकुर हा त्यांचा स्वभाव, म्हणून मी लक्ष दिले नाही.

दोन वाजता तात्यांबरोबर काठावर गेलो. वारा नव्हता, पाणी आरशासारखे स्थिर. काठाच्या पायऱ्यांपैकी सातवी उघडी होती आणि तिच्यावरच्या शेवाळाचे वाळून पापुद्रे झाले होते.

"ही कधी कोरडी पडली?"

"झाले दहा-बारा दिवस."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"नोंदवहीत पायरीचा रकाना नाही, साहेब."

तेच पाणी इथे उतरलेले आणि चाळीस पावलांवर चढलेले. अंगावर काटा आला, हे नमूद करतो. काटा हा पुरावा नव्हे, म्हणून दुर्बिणीला डोळा लावला.

तेवढ्यात दाजींची बस पुलावर आली. चौथ्या खांबाशी दणका ऐकू आला. पाण्याच्या रेषेवर टेकलेला आकडा सावकाश पाण्याखाली गेला. पाणी चढले नव्हते. बस गेल्यावर तो पुन्हा दिसला, पण पूर्वीइतका नाही.

"तात्या, पूल बंद करा. दोन्हीकडून. दाजींची बस पलीकडेच थांबवा."

तात्या धावत सुटले. धावताना मी त्यांना त्या दिवशी प्रथमच पाहिले.

पुलाशी काहीही संबंध नसलेल्या, काठावरच्या खडकातल्या खुणेपासून मी उंची मोजली आणि पावणेचारला अहवाल लिहिला.

नदी चढलेली नाही. ती नऊ सेंटिमीटर उतरली आहे. गेल्या पुराने चौथ्या खांबाच्या पायाखालची वाळू वाहून नेल्यामुळे खांब वीस सेंटिमीटर खचला आहे. यंत्र आणि पट्टी त्याच्याबरोबर खाली आल्याने दोन्हींनीही त्यातली अकरा सेंटिमीटर पाण्याची वाढ म्हणून दाखवली. गल्ली रिकामी करण्याची गरज नाही. दोन्ही मापने एकाच खांबावर ठेवण्याचा आराखडा माझा होता.