सरदारांची पंगत, पास्कोचे अंजीर

पास्कोच्या पोटात सकाळपासून कावळे ओरडत होते. समोर मेंढीचं मटण वाफाळत होतं, पण एक घास घ्यायची सोय नव्हती. या डोंगरातला रिवाजच तसा होता: ज्याचं अन्न पोटात गेलं, त्याच्याविरुद्ध सूर्य मावळेपर्यंत ब्र काढायचा नाही. आणि संताच्या सणाची ही पंगत राजवाड्यात असली, तरी वाढणारा यजमान होता सरदार गोयाक. त्याच गोयाकच्या माणसांनी चार दिवसांपूर्वी खिंडीत पास्कोची नऊ घोडी अंजिराच्या टोपल्यांसकट पळवली होती. जाताना एकाने टोपी काढून सलाम केला, ते तर पास्कोला जास्तच झोंबलं होतं.

बायकोची, स्लावुशाची, वर्षभराची मेहनत होती ती. आणि राजा उद्या पहाटे शिकारीला निघणार, तो ईस्टरलाच परतणार. तक्रार करायची तर आजच, उजेड आहे तोवर.

"शेठ, घ्या ना थोडं," गोयाक मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला. "किनाऱ्यावरच्या लोकांना आमचं जेवण रुचत नाही वाटतं?"

"पोट बिघडलंय, सरदार."

"मग निदान रस्सा तरी प्या."

"कालच्या रश्श्यानेच बिघडलंय."

दाराशी उभा असलेला राजाचा म्हातारा कारभारी प्रिबिल खोकल्यासारखं हसला. पास्कोला सकाळी आत सोडताना त्यानेच कानात सांगितलं होतं, की आज थुंकीसुद्धा जपून गिळा.

मटणाची ताटं उचलली गेली आणि मोठ्या परातीत अंजिरांच्या माळा आल्या. दोन अंजिरांमध्ये एक तमालपत्र, टोकाला लाल दोरा. स्लावुशाने ओवलेली ती माळ पास्कोने झोपेतही ओळखली असती.

"माझ्या बागेतले आहेत, महाराज," गोयाक ऐटीत म्हणाला आणि स्वतःच तोंडात टाकू लागला.

राजा गोडाचा भारी शौकीन; मटणाला त्याने हातही लावला नव्हता. चार अंजीर त्याने ओरबाडून खाल्ले, मग माळेची गाठ सोडायला बसला. नखं लावून झाली, दात लावून झाले. गाठ काही हलेना.

"गोयाक, तुझी गाठ आहे ना? सोड बरं."

गोयाकने ओढली. गाठ आणखी आवळली. पुन्हा ओढली, तेव्हा कानांपर्यंत लाल झाला. पास्कोला आता राहवेना. तो उठला, परातीतला एक अंजीर, आपलंच तर अन्न ते, तोडून सगळ्यांसमोर सावकाश चावून खाल्ला आणि हात पुढे केला.

"इकडे द्या, महाराज. माझी बायको डावखुरी आहे. सगळं जग ओढतं त्याच्या उलट्या बाजूचं आखूड टोक ओढायचं."

त्याने नुसतं बोट लावलं आणि गाठ सुटली. राजा लहान मुलासारखा खूश झाला. दुसरी माळ पुढे करत म्हणाला, "पुन्हा दाखव." पास्कोने पुन्हा दाखवलं आणि हात चालू असतानाच खिंडीतली सगळी हकिगत सांगून टाकली.

"महाराज, हा लबाड माणूस..." गोयाक ताडकन उठला.

"थांब," राजा बोटं चाटत म्हणाला. "किती अंजीर खाल्लेस तू?"

"तीन."

"अकरा," दारातून प्रिबिल म्हणाला.

"म्हणजे पंगत तुझी असली, तरी या माणसाचं अन्न तुझ्या पोटात आहे. सूर्य मावळेपर्यंत त्याच्याविरुद्ध तुला बोलता येणार नाही. बस खाली." राजाने एक उसासा सोडला. "आणि चार मीही खाल्लेत. म्हणजे त्याच्याविरुद्ध निकाल द्यायची सोय मलाही उरली नाही. नऊ घोडी टोपल्यांसकट आजच परत कर."

गोयाकने प्रिबिलकडे जळजळीत नजर टाकली आणि आपल्या माणसांना घोडी आणायची खूण केली.

"खाल्लेल्या अंजिरांचं काय करायचं, शेठ?" राजाने विचारलं.

"पाहुण्यांना वाढलेलं परत कसं मागू, महाराज?" पास्को म्हणाला. "ती दोरी तेवढी द्या. तुमचे दात उमटलेत तिच्यावर. स्लावुशाची गाठ राजालाही सुटली नाही, हे माझ्या तोंडून ऐकून तिला पटायचं नाही."

दोरी कनवटीला लावून तो खाली बसला आणि मटणाचं ताट परत मागवलं. तक्रार करायची आता काही उरली नव्हती.